पोपटी मशीनवाले खातू

वसईजवळच्या वालीवला हायवे सोडून आत वळलं की त्या काळी पत्र्याच्या गाळ्यांच्या रांगाच लागायच्या. कुठे प्लास्टिकच्या बरण्या, कुठे कुलपं, कुठे कंगवे. अशाच एका रांगेच्या टोकाला एकनाथ खातू आणि गॅब्रिएल तुस्कानो यांचा वेल्डिंग मशीनचा कारखाना होता. कारखाना म्हणजे दोन गाळे, मधली भिंत पाडून एक केलेले. पण तिथून निघालेली मशीनं वसईपासून पार भिवंडीपर्यंत ग्रिलवाल्यांच्या शेडमध्ये घूं घूं करत उभी असायची. मशीनचा रंग पोपटी. तो काही कुणी विचार करून निवडलेला नव्हता. शाळेच्या बाकांना मारून उरलेला रंग कुणीतरी आणून दिला होता, तो गॅब्रिएलने पहिल्याच मशीनला फासला. ते मशीन आल्या गिऱ्हाइकाने उचललं, आणि तेव्हापासून एकनाथने रंग बदलू दिला नाही. लोक त्याला ‘पोपटी मशीनवाले खातू’ म्हणूनच ओळखायला लागले. भागीदार दोघं, पण नाव एकट्याचं झालं, कारण बोलायचं काम सगळं एकनाथकडे होतं.

एकनाथ मूळचा गुहागरकडचा. गॅब्रिएल वटारचा, केळीची आणि फुलांची वाडी असलेल्या घरातला. दोघांची गाठ पडली भांडुपच्या एका कारखान्यात. तिथे वेल्डिंग मशीनचे ट्रान्सफॉर्मर बनायचे आणि हे दोघं एकाच बाकावर तांब्याची तार गुंडाळायला बसायचे. तो कारखाना बंद पडला तेव्हा एकनाथ म्हणाला, “आपल्याला दुसरं येतं काय? हेच करू.” गॅब्रिएलने मान डोलावली. एवढ्यावर भागीदारी झाली. १९९१ साली गाळा सुरू झाला. मशीनच्या जोडीने ते वेल्डिंगचा रॉड पकडायचे होल्डर बनवायचे, अर्थिंगचे चिमटे बनवायचे, वेल्डवरचं कीट पाडायच्या हातोड्या बनवायचे. गॅब्रिएलच्या हातची तार अशी बसायची की एका वेढ्यावर दुसरा वेढा जणू झोपवून ठेवलाय. एकनाथ तोंडाने मशीन विकायचा आणि गॅब्रिएल हाताने, असं बाजारात म्हणत.

एकनाथची बायको आशालता विरारच्या एका शाळेत शिकवायची. ती दोघं चंदनसारला राहत होती. मूलबाळ नव्हतं. सुरुवातीला डॉक्टर, देव सगळं करून झालं, मग त्यांनी तो विषय बाजूला ठेवला. गॅब्रिएलला एकुलती एक मुलगी, ॲनी. ती लहान असल्यापासून खातूंच्या घरी यायची. आशालताने तिला पाढे शिकवले, मोदक वळायला शिकवले. गॅब्रिएल तिला ‘बाय’ म्हणायचा, आणि ऐकून ऐकून एकनाथही तेच म्हणायला लागला.

बारावीनंतर ॲनी गाळ्यावर यायला लागली. काम साधंच होतं, फोन घ्यायचा, पार्सलवर पत्ते लिहायचे. पण टेबल होतं टेस्टिंगच्या जागेला लागून. तयार झालेलं मशीन तिथे चालवून बघायचं आणि मगच गाडीत चढवायचं, ही त्यांची पद्धत. ॲनी डोळ्यांपुढे काळी काच धरून ते बघत राहायची. एक दिवस तिने विचारलं, “काका, मी वेल्डिंग मारून बघू?”

गॅब्रिएल तारेच्या बाकावरूनच म्हणाला, “नको.”

“का नको?” एकनाथ म्हणाला. “बघू दे की. हात भाजला तर बर्फ आहे.”

“नको म्हटलं ना.”

“अरे, तिने मागितलंय. तुझा मुलगा असता तर तू त्याच्या हातात स्वतःहून दिलं असतंस. हो की नाही?”

गॅब्रिएलने तारेचा पुढचा वेढा घातला. तो नाही म्हणाला नाही हे बघून एकनाथने तिच्या हातात होल्डर दिला. पहिली ओळ तिने अशी मारली की पत्र्यावर कोंबडी चालून गेल्यासारखी दिसली. ती हसत सुटली. गॅब्रिएलही मान खाली घालून हसला.

महिन्याभरात ती सरळ ओळ मारायला लागली आणि वर्षभरात टेस्टिंग सगळं तिच्याकडेच आलं. सलवार-कमीजवर खाकी डगला, पायात गॅब्रिएलचे जुने बूट, केस रुमालात बांधलेले. गिऱ्हाईक आलं की आधी बिचकायचं. मग एकनाथ छाती काढून सांगायचा, “आमच्या टेस्टिंगच्या मॅडम आहेत. मशीनबद्दल काय ते त्यांना विचारा.” बाहेरगावी मशीन बसवायला जाताना तो तिला सोबत न्यायला लागला. स्कूटरवर मागे बसून ती पूर्ण वेळ बडबडायची, आणि तो वाऱ्यात न ऐकू येणाऱ्या गोष्टींनाही हो हो म्हणायचा.

हिल्डाला, म्हणजे तिच्या आईला, हे पसंत नव्हतं. तिने गॅब्रिएलकडे कुरकूर केली, त्याचा उपयोग झाला नाही. मग तिने एकनाथलाच वटारला बोलावून घेतलं. ओटीवर बसवलं, पुढ्यात चहा ठेवला आणि म्हणाली, “भाऊ, पोरीचं तोंड बघा. काळं पडलं. डोळ्यांतून पाणी येतं रात्रीचं. उद्या तिला बघायला येतील, त्यांना काय सांगू? मुलगी लोखंड जोडते?”

“सांगा ना. अभिमानाने सांगा.”

“तुम्हाला सोपं आहे भाऊ.”

ते वाक्य एकनाथला लागलं, पण त्याने दाखवलं नाही. तो हसून म्हणाला, “वहिनी, तिला आवडतं म्हणून करते ती. कुणी बळजबरी नाही केली. आणि मी आहे ना सोबत. तिची जबाबदारी माझी, झालं?”

हिल्डाने त्याच्याकडे बघितलं आणि चहाचा कप पुढे सरकवला. विषय तिथे मिटला.

जुलै १९९९. जूचंद्रला विलास भोईर नावाचा एक फॅब्रिकेटर होता. मिठागराच्या वाटेला त्याची शेड होती. त्याने पोपटी मशीन नवीनच नेलं होतं आणि फोनवर फोन करत होता की ठिणगी मधेच तुटते. पाऊस आठवडाभर लागून होता. त्या दिवशी सकाळी थोडी उघडीप मिळाली तशी एकनाथ आणि ॲनी निघाली.

विलासच्या शेडमध्ये पाण्याची मोठी लोखंडी टाकी बनत होती. माणूस आत उतरेल एवढं भोक वरून ठेवलेलं. जमीन ओली, वरचा पत्राही दोन-तीन जागी गळत होता. “शेट, बाहेरून बरा चालतो,” विलास म्हणाला, “पन आत गेलं की तुटतो. आमचा पोऱ्या म्हनतो मशीन खराब हाय.”

ॲनी म्हणाली, “आतली एक ओळ मी मारून बघते. मग कळेल, मशीनचं आहे की हाताचं.”

एकनाथने टाकीत डोकावून बघितलं. तळाला पाणी साचलं होतं. विलासने एका माणसाला आत उतरवून ते फडक्याने टिपून घेतलं. “पानी काढला, आता बसा खुशाल,” तो म्हणाला.

“हातमोजे बदल, बाय. ते ओले झालेत,” एकनाथने तिला सांगितलं.

“हो काका, हो.” तिने डिकीतून दुसरे काढले, तेही दमटच होते. पावसाळ्यात कोरडं काय राहतं? तोंडावर काच घेऊन ती आत उतरली. टाकीच्या भोकातून निळा उजेड भकभक बाहेर यायला लागला आणि शेडच्या भिंतीवर नाचायला लागला. ठिणगी सलग होती. एकनाथला बरं वाटलं. विलासकडे बघून तो म्हणाला, “मशीन ठीक आहे बघ.”

चहा आला. एकनाथने पेला घेतला आणि टाकीकडे पाठ करून विलासला सांगायला लागला की तुझी केबल फार लांब आहे, मधे जोड आहेत, म्हणून विजेचा दाब कमी पडतो. मग ॲनीचा विषय निघाला. बारावीनंतर आली, मी हातात होल्डर दिला, बाप नको म्हणत होता, आज दहा पुरुषांना मागे टाकेल. भिंतीवरचा उजेड थांबला होता. ती रॉड बदलत असेल, असं त्याला वाटलं. मशीन घुमत होतं. उजेड परत आला नाही. तो बोलत होता. आपण किती वेळ बोलत राहिलो हे त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही. एवढंच आठवायचं की आपण सुरू केलेलं वाक्य पूर्ण केलं होतं, आणि विलासने त्यावर मान डोलावली होती.

विलासनेच आधी हाक मारली. “ओ मॅडम, चहा घेता का?” उत्तर नाही. त्याने पुन्हा मारली. एकनाथच्या हातातला पेला खाली पडला. त्याने धावत जाऊन मेन स्विच पाडला. आत ॲनी एका अंगाला कललेली बसली होती, पाठ पत्र्याला टेकलेली, आणि होल्डर तिच्या काखेजवळ अडकलेला. कपडे घामाने चिंब. दोघातिघांनी तिला वर ओढलं. विलासच्या टेम्पोत घालून वसईला दवाखान्यात नेलं. वाटेत एकनाथ तिच्या छातीवर दाब देत होता आणि विलासला “जोरात, जोरात” म्हणत होता. डॉक्टरांनी तपासलं आणि आणण्याआधीच गेली होती, असं सांगितलं.

वेल्डिंगच्या धंद्यातल्या प्रत्येकाला एक गोष्ट माहीत असते. मशीन चालू असलं आणि ठिणगी पडत नसली, तरी होल्डरच्या तोंडाशी ऐंशीच्या आसपास व्होल्ट उभे असतात. कोरड्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. घाम आला असला तर झिणझिण्या येतात, वेल्डर लोक शिवी हासडतात आणि पुढचा रॉड लावतात. चारी बाजूंनी लोखंड, अंगावर ओले कपडे, आणि होल्डर उराशी सरकला, तर मात्र तेवढेही पुरतात. एकनाथला हे माहीत होतं, गॅब्रिएलला माहीत होतं, ॲनीलाही माहीत होतं. सगळेच जण तसंच काम करत होते.

गॅब्रिएल दवाखान्यात आला तेव्हा एकनाथ बाकड्यावर बसला होता. त्याने उठून सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. “मी पाठमोरा होतो, गॅब्रिएल. चहा पीत होतो, बोलत होतो. उजेड थांबला हे मला दिसलं होतं. मला वाटलं, रॉड बदलतेय.”

गॅब्रिएलने ऐकून घेतलं. मग विचारलं, “तिने चहा घेतला होता?”

“नाही. ती आत होती.”

“सकाळी काही न खाता निघाली,” गॅब्रिएल म्हणाला. “उशीर झाला म्हणून. हिल्डा भाकरी घेऊन फाटकापर्यंत धावली.”

एवढंच बोलून तो आत गेला.

वटारला सगळा गाव लोटला होता. पावसात छत्र्यांची रांग, पुढे बॅण्ड, त्यामागे गॅब्रिएल. चर्चमध्ये फादर ॲनीबद्दल बोलले, क्वायरमध्ये गायची, मुलांना कॅटेकिझम, म्हणजे धर्माचे धडे, शिकवायची, हे सगळं बोलले. लोखंड जोडायची, ते मात्र कुणी बोललं नाही. एकनाथ आणि आशालता शेवटच्या बाकावर बसली होती. शवपेटी कबरीत उतरवताना हिल्डाच्या तोंडून एक आवाज निघाला. आशालताने एकनाथचा हात घट्ट धरला.

पोलिसांचा पंचनामा झाला. विजेची तपासणी करणारे अधिकारी आले, त्यांनी मशीन उघडून बघितलं, मोजमाप केलं आणि सांगितलं, मशीनमध्ये काही दोष नाही. ओळखीचे लोक एकनाथला येऊन म्हणाले, “सुटलात.” दोष निघाला असता तर बरं झालं असतं, असं त्याला आतून वाटत होतं. दोष काढून टाकता येतो. इथे तर मशीन जसं बनवायचं तसंच बनवलं होतं.

महिन्याची मिस्सा, म्हणजे तिच्यासाठीची चर्चमधली प्रार्थना, झाली आणि गॅब्रिएल कामावर आला. एकनाथला वाटलं होतं की तो येणार नाही, आला तर भांडेल, एखादी शिवी देईल. गॅब्रिएलने डबा खिळ्याला अडकवला, बाकावर बसला आणि तार गुंडाळायला लागला. जेवायची वेळ झाली तेव्हा दोघं समोरासमोर बसून जेवले. पूर्वी एकनाथ बोलायचा आणि गॅब्रिएल ऐकायचा. आता नुसतं, “मीठ आहे?” “आहे.” असं काहीतरी. टेस्टिंगच्या कोपऱ्यात कुणी बसत नव्हतं. तयार मशीन एकनाथच चालवून बघायचा, आणि भिंतीवर उजेड नाचायला लागला की गॅब्रिएल उठून बाहेर जायचा.

एकनाथने मग एक काम हातात घेतलं. ठिणगी पडत नसेल तेव्हा होल्डरवरचे व्होल्ट आपोआप खाली आणायचे आणि रॉड लोखंडाला टेकला की परत वर न्यायचे, अशी एक छोटी पेटी असते. भांडुपला असताना एका विलायती कॅटलॉगमध्ये त्याने तिचं चित्र पाहिलं होतं. आपल्याकडे ती कुणी लावत नव्हतं. त्याने मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या सुट्या भागांच्या बाजारात चकरा मारल्या, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या माणसांना गाठलं, पेट्या जाळल्या, परत बनवल्या. आशालता म्हणायची, जेवून घ्या. तो ताटावर बसून बोटाने पाण्याच्या रेघा ओढत बसायचा. वर्ष उलटायच्या आत पेटी जमली. ती त्याने स्वतःच्या हातावर वापरून पाहिली, ओला हात करून. काहीही जाणवलं नाही. तो आनंदाने गॅब्रिएलकडे वळला. गॅब्रिएलने पेटी हातात घेतली, फिरवून बघितली. “चांगली झालीय,” म्हणाला आणि परत दिली.

वर्षाच्या मिस्सेला एकनाथ आणि आशालता वटारला गेली. मिस्सा झाल्यावर हिल्डाने त्यांना घरी नेलं. जेवायला वाढलं. जेवण होताच गॅब्रिएल वाडीत निघून गेला. मग एकनाथच्या समोर बसून तिने विचारलं, “भाऊ, मला नीट सांगा. ते कसं होतं? करंट लागतो म्हणजे काय होतं?”

एकनाथने सांगितलं. व्होल्ट, घाम, लोखंड, सगळं सोपं करून सांगितलं, आणि सांगताना त्याचा आवाज गाळ्यावर गिऱ्हाइकाला सांगतो तसा झाला. ते त्याच्या लक्षात आलं आणि तो थांबला.

“तिला दुखलं असेल?” हिल्डाने विचारलं.

“नाही वहिनी. कळलंही नसेल तिला.”

त्याला ते माहीत नव्हतं. कुणालाच माहीत असणं शक्य नव्हतं. हिल्डाने डोळे पुसले. निघताना आशालताच्या पिशवीत तिने वाडीतली केळी भरली. फाटकापाशी ती म्हणाली, “मी हे विचारलं ते त्यांना सांगू नका हं भाऊ. गॅब्रिएल घरातसुद्धा बोलत नाहीत.”

पेटी लावल्यामुळे मशीन महाग झालं आणि थोडं जडही. एकनाथने ठरवून टाकलं होतं की पेटीशिवाय एकही मशीन गाळ्याबाहेर जाणार नाही. गिऱ्हाइकं आधी समजूतदारपणे ऐकून घ्यायची. “खातूसाहेब, तुमचं खरं आहे,” म्हणायची आणि मशीन दुसरीकडून घ्यायची. तरी काही जुने लोक टिकून होते. त्यांच्या जोरावर एकनाथ हिंमत धरून होता.

एकदा विरारला एका नव्या इमारतीच्या कामावर त्याला आपलं पोपटी मशीन दिसलं. तो हौसेने जवळ गेला. मशीनचं मागचं झाकण उघडं होतं, आणि पेटीच्या दोन टोकांना एक तार जोडून पेटी मधल्यामध्ये निकामी करून ठेवली होती.

“हे कुणी केलं?” त्याने वेल्डरला विचारलं.

“आम्हीच केलं,” तो पोरगेलासा वेल्डर म्हणाला. “ते डब्ब्यामुळे ठिणगी लवकर पकडत नाही. खालीपिली टाइम जातो.”

“तुझा जीव वाचवायला आहे ते.”

“काका, सात वर्षं झाली हे काम करतोय, काही नाही झालं. झटका लागतो थोडा थोडा. आदत आहे.”

एकनाथने खाली बसून ती तार ओढून काढली. वेल्डर ओरडला, “ओ, मशीन आमचं आहे!” ठेकेदार आला. एकनाथला सांगायचं होतं. टाकी, घाम, बावीस वर्षांची पोर, सगळं एका दमात सांगायचं होतं. तार मुठीत धरून तो तसाच उभा राहिला. ठेकेदाराने खांद्याला धरून त्याला फाटकाबाहेर आणून सोडलं. मागे वळून बघितलं तेव्हा वेल्डर दुसऱ्या तारेचं टोक सोलत होता.

त्यानंतर त्याने चौकशी केली. जिथे जिथे पेटीचं मशीन गेलं होतं, तिथे बहुतेक ठिकाणी पेटी काढून टाकलेली किंवा तारेने बंद केलेली निघाली. विलास भोईरने मात्र लावून ठेवली होती. पण त्याने टाक्यांची कामं घेणंच सोडून दिलं होतं.

एकनाथने ही हकीकत गॅब्रिएलला सांगितली. कितीतरी दिवसांनी तो इतकं सलग बोलला. गॅब्रिएलने तार बाजूला ठेवली.

“एकनाथ, मी उद्यापासून नाही येत.”

“का? पेटीमुळे? काढायची का पेटी? सांग, काढतो.”

“पेटीचं काही नाही. पेटी चांगली आहे.” गॅब्रिएल शब्द शोधत होता. “तुझा दोष नाही. मशीनचा नाही. मी दहा वेळा मनाला सांगितलं, तरी सकाळी तुझी स्कूटर आली की मागे बघतो मी. मागची सीट बघतो.”

एकनाथने टेबलावरची स्कूटरची किल्ली उचलून खिशात टाकली.

“तुला करायला काहीतरी होतं,” गॅब्रिएल म्हणाला. “तू पेटी बनवलीस. मी काय बनवू? मी वाडीत जातो. केळीला पाणी घालतो. वडील घालायचे तसं.”

“भागीदारीचं…”

“ते राहू दे.”

जाताना त्याने तारेचं बाक नेहमीसारखं पुसून ठेवलं. एकनाथ गाळ्याच्या दारात उभा राहून त्याची स्कूटर वळणापर्यंत जाताना बघत राहिला. भांडुपच्या बाकापासून सोळा-सतरा वर्षं सोबत होता तो.

गॅब्रिएल गेल्यावर मशीनमधली सफाई गेली. दुसरे कारागीर ठेवले, ते टिकले नाहीत. मशीनं थोडी, होल्डर आणि चिमटे जास्त, असं करत गाळा चालत राहिला.

२००४ मध्ये एक दिवस चंदनसारच्या घरी एक मुलगी आली. पिंकी तिचं नाव. तिच्या वडिलांचं स्टेशनच्या वाटेवर ग्रिलचं दुकान होतं आणि ती आशालताची शाळेतली विद्यार्थिनी. दारातूनच ती म्हणाली, “सर, मला वेल्डिंग शिकायचंय. आयटीआयला फॉर्म भरायचाय. पप्पा नाही म्हणतात. तुम्ही त्यांना सांगा ना. तुमचं ते ऐकतील. बाई म्हणाल्या, तुमच्या कारखान्यात पूर्वी एक ताई होती.”

आशालता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिनेच तिला पाठवलं होतं. तिला वाटलं होतं की हे पोर समोर आलं की एकनाथच्या आतलं काहीतरी हलेल, तो पूर्वीसारखा तावातावाने उठेल आणि चप्पल घालून तडक त्या दुकानावर जाईल.

एकनाथ म्हणाला, “तुझे पप्पा बरोबर सांगतात.”

“पण सर…”

“मुलींनी नाही करायचं हे. दुसरं पुष्कळ आहे. कॉम्प्युटर शीक.”

मुलीचा चेहरा पडला. ती “बरं” म्हणून गेली. दार लावून आशालता त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. “तुम्ही बोललात हे? तुम्ही? ॲनीला आवडलं असतं?”

“ॲनीला जगायला आवडलं असतं,” एकनाथ म्हणाला.

आशालताने पदराने हात पुसले. ती आत गेली. कुकरची शिट्टी होऊन गेली तरी गॅस बंद झाला नाही, तेव्हा एकनाथ उठला. आशालता ओट्याला टेकून रडत होती. त्याने गॅस बंद केला आणि तिच्याजवळ उभा राहिला. ज्या गोष्टीसाठी तो कधीकाळी जिवलग मित्राशी वाद घालायचा, ती गोष्ट आज त्याने स्वतःच्या तोंडाने मोडून टाकली होती, आणि त्याला त्याचा पस्तावाही होत नव्हता. तेच त्याला जास्त भयंकर वाटलं.

दोन वर्षांनी गाळा बंद केला. तोवर बाजारात हातात उचलून नेता येतील अशी छोटी, नव्या धाटणीची मशीनं आली होती, तांब्याच्या तारेची जड मशीनं मागायला कुणी येत नव्हतं. शेवटच्या दिवशी सामान भंगाराच्या टेम्पोत चढत असताना गॅब्रिएल आला. कुणी सांगितलं होतं कोण जाणे. तो पाठीत वाकला होता, हाताला केळीचे डाग होते. त्याने शर्ट काढून खिळ्याला लावला आणि बाकाचं दुसरं टोक धरलं. दुपारभर दोघांनी मिळून गाळा रिकामा केला. टेम्पो गेला. गॅब्रिएल हात धुऊन म्हणाला, “जेवायला ये कधी. हिल्डा विचारते.”

“येतो,” एकनाथ म्हणाला.

तो गेला नाही. आशालता मात्र दर वर्षी नोव्हेंबरच्या दोन तारखेला वटारला जायची. त्या दिवशी ख्रिस्ती लोक आपापल्या माणसांच्या कबरी फुलांनी सजवतात, मेणबत्त्या लावतात. एकनाथ तिला स्कूटरवरून दफनभूमीच्या फाटकापर्यंत सोडायचा आणि बाहेर गाडीजवळ उभा राहायचा. आत पाऊल टाकणं त्याला कधी जमलं नाही. संध्याकाळचं ऊन उतरत असायचं, आतून प्रार्थना ऐकू यायची, आणि तो हेल्मेट हातात धरून भिंतीकडे बघत राहायचा.

एका वर्षी, बहुधा २००८ असेल, गॅब्रिएल प्रार्थना सुरू असतानाच बाहेर आला आणि त्याच्या शेजारी येऊन स्कूटरला टेकला.

“आत येत नाहीस?”

“नाही.”

“मी पण फार वेळ थांबत नाही,” गॅब्रिएल म्हणाला. “हिल्डा थांबते. ती बोलते तिच्याशी. घरचं सगळं सांगते.”

“आशालतापण बोलते,” एकनाथ म्हणाला.

रस्त्यावरून फुलांच्या टोपल्या घेतलेल्या बायका जात होत्या. गॅब्रिएलला त्या ओळखत होत्या, त्याने एकदोघींना मान हलवून ओळख दिली. हिल्डा आणि आशालता बाहेर येईपर्यंत ते तिथेच उभे राहिले.